जिवाणूंची नावं कळली, भिंतीचं मत कळलं नाही

अहवालाच्या चौथ्या पानावर माझ्या धाकट्या भावाच्या आतड्याला हिरवा रंग मिळाला होता. "दाहाची शक्यता : कमी." त्या एका ओळीच्या भरवशावर त्याने डॉक्टरांनी सांगितलेली कॅल्प्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्यातला दाह मोजणारी स्टूलची तपासणी पाच आठवडे लांबवली. म्हणून हे परीक्षण लिहिते आहे.

घरबसल्या करायची, आतड्यातल्या जिवाणूंची चाचणी आहे ही. पेटी मागवायची, स्टूलचा नमुना नळीत भरून परत पाठवायचा आणि ॲपवर अहवालाची वाट पाहायची. कंपनीचं नाव घेत नाही. अशा चाचण्या विकणारे बरेच आहेत, आणि माझं भांडण या एका पेटीशी नसून ती ज्या समजुतीवर उभी आहे तिच्याशी आहे. तारे विचाराल तर पाचपैकी दोन.

मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. कोलोनोस्कोपीत घेतलेले आतड्याचे तुकडे आमच्याकडे फॉर्मलिनमध्ये येतात. ते मेणात बसवायचे, मायक्रोटोमवर चार मायक्रॉन जाडीचे सेक्शन घ्यायचे, रंगवायचे आणि स्लाइड डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, हे बावीस वर्षं करते आहे. भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीला वारंवार दाह होणारा आजार, निघून नऊ वर्षं झाली. म्हणजे जी भिंत मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, तीच घरी एका माणसाला छळते. या विषयात मी तटस्थ नाही.

पेटी त्यानेच मागवली, तीन नळ्यांची. "ताई, माझ्यात नेमका कोणता जिवाणू बिघडलाय ते एकदा कळू दे," म्हणाला. नऊ वर्षं औषधं घेणाऱ्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या शरीरात कोण घुसलंय त्याचं नाव कळावं, असं कोणालाही वाटेल.

नमुना घेण्याची व्यवस्था चांगली आहे, हे आधी सांगते. झाकणालाच जोडलेला छोटा चमचा, नळीत नमुना जसाच्या तसा राखणारा द्रव (तो नसता तर वाटेतच काही जिवाणू वाढून सगळं प्रमाण बिघडलं असतं), सांडलं तरी बाहेर न येणारी दुहेरी पिशवी, आणि चित्रांसह सूचना. आमच्याकडे येणारे निम्मे नमुने इतक्या नीट बांधलेले नसतात. पहिला तारा याला. अहवाल चोवीस दिवसांनी आला, चौतीस पानांचा.

त्यात जिवाणूंच्या तीन याद्या होत्या: मित्र, तटस्थ, शत्रू. हिरवा, पिवळा, लाल. भावाच्या लाल यादीत सर्वांत वर ई. कोलाय.

इथेच मी थबकले. ई. कोलाय हे एका जिवाणूचं नाव असलं तरी त्या नावाखाली फार वेगवेगळी मंडळी राहतात. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आल्फ्रेड निस्ल या जर्मन डॉक्टरांनी एका सैनिकाच्या स्टूलमधून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. आजूबाजूच्यांना जुलाब झाले असताना तो सैनिक ठणठणीत राहिला होता. तो वाण आजही औषध म्हणून दिला जातो, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असताना तो शांतच ठेवण्यासाठी त्याची मेसालामीनशी तुलना करणाऱ्या चाचण्याही झाल्या आहेत, ज्यांत तो साधारण बरोबरीला उतरला. मेसालामीन म्हणजे माझा भाऊ रोज घेतो तेच औषध. आणि ई. कोलाय ओ१५७:एच७ हा दुसरा वाण १९८२ साली रक्ती जुलाबांच्या साथींमधून ओळखला गेला. तो मूत्रपिंडं निकामी करू शकतो. दोघांचं नाव एकच. निस्लच्या वाणातही कोलिबॅक्टिन नावाचं, डीएनएला इजा करणारं द्रव्य बनवणारी जनुकं आहेत, म्हणजे त्यालासुद्धा सरळ हिरवा रंग देऊन मोकळं होता येत नाही.

ही चाचणी सर्व जिवाणूंमध्ये असणाऱ्या एका जनुकाचा, १६एस आरआरएनएच्या जनुकाचा, तुकडा वाचते. त्यावरून जिवाणूचं कूळ कळतं, बऱ्याचदा प्रजातीचा अंदाज येतो. वाण कळत नाही. विष बनवण्याची जनुकं आहेत की नाहीत, तेही कळत नाही. जिवाणू जिवंत होता की मेलेला, हेसुद्धा कळत नाही, कारण डीएनए दोघांचाही सापडतो. इतक्या माहितीवर "शत्रू" हा शब्द छापायला नको होता.

पण समजा, चाचणी याहून बारीक असती आणि वाणापर्यंत पोचली असती, तरीही माझं म्हणणं तेच राहिलं असतं. आतड्याची भिंत जिवाणूला नाव विचारतच नाही. तो कुठवर आलाय आणि तिथे काय करतोय, एवढंच ती पाहते.

हे मला कळलं ते बरंच उशिरा, आणि माझ्याच कामातल्या एका गोष्टीमुळे. आपल्या आतड्यात जिवाणू पुष्कळ. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार शरीरात सुमारे ३८ लाख कोटी, त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात, सगळ्यांचं मिळून वजन साधारण २०० ग्रॅम. आणि त्यांच्यात नि आपल्या रक्तात अंतर म्हणाल तर पेशींचा एकच थर, तोही दर तीन ते पाच दिवसांनी नवा होणारा. मी हजारो सेक्शन कापले आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, जिवाणू या थराला सरळ खेटूनच बसत असणार. स्लाइडवर तसंच दिसायचं.

ते तसं दिसायचं कारण मधला थर आम्हीच धुऊन टाकत होतो. फॉर्मलिन आणि पुढची धुलाई यांत श्लेष्म्याचा थर आकसून निघून जातो. कार्नॉयच्या द्रावणात, म्हणजे पाणी नसलेल्या फिक्सेटिव्हमध्ये, तुकडा ठेवला तर तो टिकतो. २००८ साली स्वीडनमधल्या योटेबोरी विद्यापीठात मालिन योहान्सन आणि गुन्नार हॅन्सन यांच्या गटाने उंदरांच्या मोठ्या आतड्याचे असे काप घेतले. त्यांना श्लेष्म्याचे दोन थर दिसले: बाहेरचा सैल, जिवाणूंनी भरलेला, आणि आतला घट्ट, भिंतीला चिकटलेला, जवळपास जिवाणूविरहित. दोन्ही एकाच प्रथिनाचे, एमयूसी२चे. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतं, त्यांच्यात जिवाणू थेट पेशींना भिडलेले होते आणि त्या उंदरांना कोलायटिस झाला होता. तेच सगळे नेहमीचे, शांत जिवाणू, नवा कोणीही आलेला नव्हता. मध्ये थर राहिला नाही, एवढाच फरक.

तो लेख मी प्रयोगशाळेतच वाचला आणि पुढचे काही दिवस काप घेताना मला वेगळंच वाटत होतं. ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे, ती पहिल्याच पायरीला वाहून जात होती.

लहान आतड्यात असे दोन थर नसतात, तिथे अंतर राखण्याची युक्ती निराळी. तिथल्या पेशी जिवाणू मारणारी प्रथिनं सोडतात. रेग३-गॅमा हे त्यांतलं एक. लोरा हूपर यांच्या गटाने २०११ साली दाखवलं की उंदरात याच्या जोरावर जिवाणू भिंतीपासून सुमारे ५० मायक्रॉन लांब राहतात. माझ्या बारा-तेरा सेक्शनची जाडी एकावर एक ठेवली की तेवढं अंतर होतं. शांतता आहे ती एवढ्याशा पट्ट्यावर.

कोण जवळ आलं हे पेशींना कळतं कसं, हा भाग मला सर्वांत आवडतो. जिवाणूंच्या अंगावरचे ठरावीक आकार ओळखणारे ग्राही आपल्या पेशींवर असतात. त्यांतल्या टोल ग्राहींच्या कुळाबद्दलच्या शोधांना २०११चं नोबेल मिळालं. टोल-५ नावाचा ग्राही जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन ओळखतो. आता फ्लॅजेलिन निरुपद्रवी ई. कोलायकडेही असतं आणि साल्मोनेलाकडेही. मग फरक कसा करायचा? मोठ्या आतड्याच्या पेशींत हा ग्राही मुख्यतः खालच्या बाजूला, रक्ताकडच्या अंगाला बसवलेला असतो. वरून कितीही शेपट्या वळवळल्या तरी त्याला पत्ता नसतो. फ्लॅजेलिन खाली पोचलं म्हणजे कोणीतरी भिंत ओलांडली, मगच घंटा वाजते.

पेशीच्या आतही पहारा आहे. साल्मोनेलाकडे सुईसारखं यंत्र असतं. ते पेशीला टोचून तो आपली प्रथिनं आत सोडतो. त्या सुईचे किंवा फ्लॅजेलिनचे अंश पेशीरसात सापडले की एनएलआरसी४ नावाची यंत्रणा जागी होते आणि ती अख्खी पेशीच भिंतीतून बाहेर ढकलली जाते, आत शिरलेल्या जिवाणूसकट. शेजारच्या पेशी सरकून जागा भरून काढतात. निरुपद्रवी जिवाणूकडे सुई नसते, त्यामुळे त्याच्या वस्तू पेशीरसात सापडण्याचा प्रश्नच येत नाही. वस्तू तीच, पण ती पेशीच्या आत सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा.

मग प्रतिपिंडं. आतड्यात रोज तीन ते पाच ग्रॅम आयजीए पाझरतं, शरीरात सर्वांत जास्त बनणारं प्रतिपिंड हेच. ते जिवाणूंना मारत सुटत नाही. त्यांना लेप लावतं, चिकटू देत नाही. २०१४ साली नोआ पाम आणि रिचर्ड फ्लेव्हेल यांनी आयजीएचा दाट लेप असलेले जिवाणू वेगळे काढून त्यांचं जनुक वाचलं. कोलायटिस किंवा क्रोन (आतड्याच्या दाहाचाच दुसरा आजार) असलेल्या रुग्णांचे असे दाट लेपाचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा रसायनाने चिथावलेला दाह त्या उंदरांत अधिक भडकला. विरळ लेपाच्या जिवाणूंनी तसं झालं नाही. म्हणजे भिंतीने आपलं मत जिवाणूच्या अंगावरच लिहून ठेवलेलं असतं. माझ्या हातातल्या चौतीस पानांत त्या लेपाबद्दल अवाक्षर नव्हतं.

आणि एवढं सगळं ओळखल्यावर गप्प बसणं, तेही कमवावं लागतं. त्यासाठी नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी, आहेत. शिमोन साकागुची, मेरी ब्रंकॉव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चं नोबेल मिळालं ते त्यांच्यासाठी. या पेशींचं मुख्य जनुक, फॉक्सपी३, जन्मतःच बिघडलेलं असेल तर बाळाला पहिल्या काही महिन्यांतच भयंकर जुलाब सुरू होतात. आंतरल्युकिन-१० हा शांततेचा निरोप पोचवणारा रेणू नसलेल्या उंदरांना कोलायटिस होतो, पण तेच उंदीर जंतुविरहित वाढवले तर होत नाही. नेहमीचे जिवाणू आणि ज्या भिंतीला आता शांत बसता येत नाही ती भिंत, दोन्ही एकत्र आले की आजार.

माझ्या भावाचा प्रश्न होता, "कोणता जिवाणू बिघडलाय?" त्याच्या आजारात बहुधा बिघाड या नात्यात असतो. थर पातळ, पहारा जास्त चिडलेला, जिवाणूंची वस्तीही बदललेली. वस्ती बिनमहत्त्वाची असं मी म्हणत नाही. तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेट बनवणारे जिवाणू नियामक पेशी वाढायला मदत करतात, हे उंदरांत नीट दाखवलं गेलंय. अहवालात त्यांच्यातला फिकॅलिबॅक्टेरियम हिरव्या यादीत आहे, ते योग्यच. पण त्याच यादीत अकरमॅन्सियाही आहे. तो श्लेष्माच खातो. पोटात तंतू पुरेसे जात असतील तर त्याचा त्रास नाही. पण २०१६ सालच्या एका प्रयोगात उंदरांचा तंतुमय आहार पूर्ण बंद केला, तेव्हा तो आणि त्याच्यासारखे जिवाणू फोफावले, त्यांनी श्लेष्म्याचा थर कुरतडला आणि बाहेरून आलेल्या रोगजंतूला वाट मोकळी झाली. त्याला एकच रंग द्यायचा झाला, तर कोणता द्यायचा?

आता ती हिरवी ओळ. "दाहाची शक्यता : कमी" हा निष्कर्ष याद्यांच्या बेरीज-वजाबाकीतून काढलेला होता. भावाच्या आतड्यात दाह आहे का, हे कोणी मोजलेलंच नव्हतं. तो मोजायची साधी तपासणी आहे. भिंत चिडली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिच्यातून आरपार पोकळीत उतरतात. त्यांच्या पेशीरसात कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन खच्चून भरलेलं असतं आणि ते स्टूलमध्ये टिकतं. ते मोजायचं. साधारणपणे ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर ठीक. भिंतीने हल्ला केलाय का, याचं उत्तर भिंतीकडूनच मिळतं.

पाच आठवड्यांनी त्याने ती केली तेव्हा आकडा ६८० होता. तोवर त्याला दिवसातून सहा-सात वेळा जावं लागत होतं आणि रक्त दिसू लागलं होतं. "पण ताई, अहवालात हिरवं होतं ना," असं तो मला फोनवर म्हणाला, तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही. चूक त्याची नव्हती. आजाराने थकलेल्या माणसासमोर हिरवा रंग ठेवला की तो त्यावर विश्वास ठेवणारच. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत "हे निदान नाही" असं लिहिलंय. ते वाक्य चौथ्या पानावर, त्या हिरव्या चौकोनाच्या आत हवं होतं.

अहवालाबरोबर सल्लागाराशी फोनवर वीस मिनिटं बोलता येतं. ती वेळ मी घेतली. पलीकडे एक तरुण मुलगी होती, बोलायला नम्र. मी विचारलं, "हा ई. कोलाय कोणत्या वाणाचा?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, या चाचणीत ते कळत नाही." मी विचारलं, "मग लाल कसा?" ती म्हणाली, "प्रमाण आमच्या सरासरीपेक्षा जास्त आहे म्हणून." सरळ उत्तर दिलं तिने, गोल फिरवलं नाही. दुसरा तारा तिचा आहे. तिच्या तोंडची ही दोन वाक्यं अहवालात छापली असती, तर मी तिसराही दिला असता.

तिसऱ्या नळीचं सांगायचं राहिलं. एक माझ्यासाठी होती, एक उरली होती. मी एकाच वेळच्या स्टूलमधून दोन वेगळ्या जागांचे नमुने घेतले आणि दोन नावांनी पाठवले. कामाची सवय, नियंत्रण नमुन्याशिवाय मला चैन पडत नाही. मोठी कुळं दोन्हींत साधारण जुळली. तीन जिवाणूंचे रंग मात्र बदलले, एक तर हिरव्याचा थेट लाल झाला. एका माणसाच्या एका नमुन्यावरून मी मोठा सिद्धांत मांडणार नाही. पण प्रमाणाच्या सीमारेषेवर रंग ठरत असेल, तर वर-खाली होणारच. आणि स्टूल म्हणजे पोकळीतला ऐवज. श्लेष्म्यात कोण रुतलंय, भिंतीजवळ कोण पोचलंय, हे त्यावरून नीट कळत नाही. माझ्या दृष्टीने प्रश्न तर तोच आहे.

शेवटी कॅप्सूल. अहवाल उघडल्यापासून ॲप रोज आठवण करून देतं: तुमच्या निकालानुसार बनवलेल्या जिवाणूंच्या कॅप्सूल, दरमहा घरपोच. भावाच्या आणि माझ्या निकालात इतका फरक असून दोघांना सुचवलेल्या मिश्रणात तेच चार जिवाणू होते. प्रतिजैविकांचा कोर्स संपल्यावर "वस्ती भरून काढायला" घ्या, असंही त्यात लिहिलंय. २०१८ साली इस्राएलमध्ये माणसांवर झालेल्या एका अभ्यासात उलट दिसलं होतं. प्रतिजैविकांनंतर अशा अनेक वाणांच्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळ वस्ती परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. आम्ही कॅप्सूल घेतल्या नाहीत.

निरोगी माणसाने कुतूहल म्हणून ही पेटी घेतली, तर माझी हरकत नाही, आपल्यात कोणकोण राहतं ते वाचायला गंमत वाटते. मूळ आकड्यांची फाइल उतरवून घेता येते, तीही चांगली सोय आहे. पण कोलायटिस, क्रोन किंवा रक्त पडणं असलं काही असेल, तर आधी डॉक्टर आणि कॅल्प्रोटेक्टिन. या अहवालावरून एकही औषध किंवा तपासणी पुढेमागे करू नका. कंपनीला मी लिहून कळवलंय की दाहाचा तो चौकोन तरी काढा. दोन महिने झाले, उत्तर आलेलं नाही.

भावाचं औषध डॉक्टरांनी बदललं. आठ महिन्यांनी आकडा ७० वर आला आणि पुन्हा कोलोनोस्कोपी झाली. तुकडे आमच्याच प्रयोगशाळेत आले. सेक्शन मी घेतला नाही, सहकाऱ्याला दिला, हात स्थिर राहिला नसता. पण एक जादा काप श्लेष्मा निळा दाखवणाऱ्या अल्शियन ब्लूने रंगवून घेतला आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मागच्या वेळी रिकाम्या झालेल्या गॉब्लेट पेशी, जिथून तो श्लेष्मा येतो, परत भरल्या होत्या. भिंतीतल्या खड्ड्याच्या तळापासून वरपर्यंत, एकीशेजारी एक, निळ्याभोर.